१६८ फ्लॅट, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि रिकामी एजीएम: पोलवर मेंटेनन्स वाढवता येतो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्यात घोडबंदर रोडवरची १६८ फ्लॅटची सोसायटी, तुम्ही नव्याने सेक्रेटरी झालात. गेल्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेला, २७ सभासद आले. नंतर मेंटेनन्स ३,५०० वरून ४,२०० करायचा विषय चेअरमननी ग्रुपवर पोल टाकून विचारला. ७९ जणांनी मत दिलं: ६१ हो, १८ नाही. कमिटीनं नव्या दराची बिलं काढायचं ठरवलं. आता एक सभासद म्हणतात पोल बेकायदा आहे, स्क्रीनशॉट घेऊन कोर्टात जाईन. कमिटीतले लोक विचारतात, २७ जणांची सभा चालते तर ७९ जणांचा पोल का चालत नाही? त्यातच रात्री साडेअकराला येणाऱ्या तक्रारी, आणि गेल्या महिन्यात एका पार्सलवाल्याचा सीसीटीव्हीतला फोटो ‘चोर’ म्हणून फिरला तो प्रकार. कंटाळून तुम्ही विचारताय, ग्रुप बंदच करू का?

ग्रुप बंद करू नका. आणि सर्वसाधारण सभेचा ठराव होईपर्यंत बिलं जुन्याच दराने काढा. बाकीचं उत्तर मोठं आहे, कारण अडचण ग्रुपवरच्या भांडणांची नाही. भांडणं जिन्यातही व्हायची. खरी अडचण ही की सोसायटी नावाच्या संस्थेची चार वेगवेगळी कामं, म्हणजे खबर देणं, तक्रार घेणं, चर्चा करणं आणि निर्णय करणं, एकाच खिडकीत येऊन बसली आहेत. चौघांचा वेग वेगळा असायला हवा. खबर मिनिटात पोचली पाहिजे. निर्णयाला दोन आठवडे लागले पाहिजेत, आणि ते मुद्दाम लागले पाहिजेत. व्हॉट्सॲपनं चौघांना एकच वेग दिला.

कमिटीचा प्रश्न आधी घेतो, कारण तो रास्त आहे. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली, म्हणजे मॉडेल बाय-लॉज) सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी ती. म्हणजे १६८ जणांच्या सोसायटीत २० माणसांवर सभा भरते. मग ७९ मोठे की २० मोठे? आकडा बघितला तर पोल जिंकतो. पण सभेच्या ठरावाला जे वजन येतं ते खुर्च्यांवर बसलेल्या माणसांमुळे येत नाही. न आलेल्या १४१ जणांनाही १४ दिवस आधी कळवलं होतं की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक विषयावर निर्णय होणार आहे, सोबत हिशेब हे आहेत, या आणि बोला. ते आले नाहीत हा त्यांचा निर्णय. पोलमध्ये मत न दिलेल्यांबद्दल असं काहीच म्हणता येत नाही. कुणी ग्रुप म्यूट केलेला असतो, कुणाचा फोन मुलगा बघतो, कुणी दुबईत असतो आणि त्याचा जुना नंबर ग्रुपवर असतो, कुणी चार महिन्यांपूर्वी चिडून बाहेर पडलेला असतो. ग्रुपवर गप्प बसणं म्हणजे संमती, असं आपण नकळत धरून चालतो. कायदा तसं धरत नाही.

आता ते ७९ नंबर एका कागदावर काढा आणि ‘जे’ नमुन्यातल्या यादीशी ताडून बघा. ‘जे’ यादी म्हणजे सभासदांची यादी, मतदानाला तीच लागते. ‘आय’ नमुना ही तपशीलवार नोंदवही. ताडताना चार प्रकारचे नंबर वेगळे पडतील. पहिले भाडेकरूंचे. घोडबंदरच्या टॉवरमध्ये भाडेकरूंचं प्रमाण चांगलंच असतं आणि ते ग्रुपवर असणं योग्यही आहे, कारण पाणी त्यांच्याही नळाचं जातं. पण मत त्यांना नाही. दुसरे एकाच घरातले दोन नंबर. फ्लॅट एक, मत एक; शेअर सर्टिफिकेटवर ज्यांचं नाव पहिलं त्यांचं, आणि ते नसतील तर पुढच्या नावाचं, तेही उपविधीतल्या अटी पाळूनच. तिसरे असे नंबर, जिथे फ्लॅट आईच्या नावावर आहे आणि ग्रुपवर मुलगा आहे. हे सगळ्यांत नाजूक, कारण सगळ्यांना ते साहजिक वाटतं. पण गृहनिर्माण संस्थेच्या सभेत सभासदाच्या वतीनं प्रतिनिधी, मुखत्यारपत्रधारक किंवा अधिकारपत्र घेऊन आलेला माणूस बसू शकत नाही. जी गोष्ट सभागृहाच्या दारात आपण थांबवतो, ती ग्रुपवर अंगठ्याच्या एका दाबानं आत येते. चौथे, कुणाचे ते ओळखूच न येणारे नंबर. ही छाननी करून उरलेला आकडा ७९ च्या बराच खाली गेला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट कमिटीला समजावून सांगा, कारण कायद्याची कलमं ऐकून लोक फक्त गप्प होतात, त्यांना पटत नाही. पोलमध्ये प्रश्नाला हात लावता येत नाही. ‘मेंटेनन्स ७०० नं वाढवायचा का, हो किंवा नाही’ हा प्रश्न ज्यानं लिहिला त्यानं अर्धा निर्णय तिथेच करून टाकला. सभेत हाच विषय आला की कुणीतरी विचारतं, लिफ्टचं वार्षिक कंत्राट तीन कंपन्यांकडून दर मागवून पुन्हा ठरवलं तर किती वाचतील? दुसरं कुणी म्हणतं, टँकरचा खर्च उन्हाळ्याचे तीन महिनेच असतो, तो वेगळा लावा. तिसरी सूचना येते की आत्ता ४५० वाढवा, सहा महिन्यांनी आढावा घ्या. मूळ ठरावाला उपसूचना येते, सूचक-अनुमोदक होतात आणि ७०० चे ४५० होऊन ठराव पास होतो. ही घासाघीस सभेचा जीव आहे. शिवाय पोलमध्ये कुणी काय मत दिलं ते साधारणपणे सगळ्यांना नावानिशी दिसतं, आणि पहिल्या दहा मतांमध्ये चेअरमन, खजिनदार आणि मजल्यावरचे वजनदार लोक असले की अकराव्याचा हात आपोआप तिकडे जातो. नंतर मत बदलताही येतं. मग कुठल्या क्षणीचा आकडा खरा धरायचा?

पण त्या ७९ जणांना झटकून टाकू नका. एवढ्या लोकांनी उत्तर दिलं याचा अर्थ त्यांना विचारलेलं हवं आहे. सभेला २७ येतात हा सभेच्या पद्धतीतला दोष आहे, सभासदांच्या स्वभावातला नाही. माझ्या कामात वारंवार दिसतं की सोसायट्यांच्या सभेत बोलणारी माणसं ठरलेली असतात: पुढच्या रांगेतले चार-पाच निवृत्त पुरुष आणि मागून ओरडणारे दोघे. ग्रुप आल्यावर पहिल्यांदाच सुनांनी कचऱ्याबद्दल लिहिलं, विशी-पंचविशीतल्या मुलांनी सायकल स्टँडबद्दल लिहिलं, ज्यांना माईकसमोर बोलायचा धीर होत नाही त्यांनी हिशेबातली चूक दाखवली. हा फायदा खरा आहे आणि तो गमावू नये. म्हणून मी ग्रुप बंद करायच्या विरोधात आहे. शिवाय अधिकृत ग्रुप बंद केलात तर आठवड्यात दोन खासगी ग्रुप निघतील, एक कमिटीच्या बाजूचा, एक विरोधातला, आणि दोन्हीकडे काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही.

ही पाळी काही आपल्यावरच आलेली नाही. तारेचं युग आठवा. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण त्याआधी दीडशेहून जास्त वर्षं सरकारी कचेऱ्या आणि पेढ्या तिच्यावर चालल्या. तारेत शब्दागणिक पैसे, त्यामुळे मजकूर त्रोटक, चुकीला जागा भरपूर. म्हणून महत्त्वाचा हुकूम तारेनं गेला तरी त्याची सविस्तर प्रत मागाहून टपालानं पाठवायची पद्धत पडली. तारेवर कामाला सुरुवात व्हायची, फायलीला लागायचा तो टपालानं आलेला सहीचा कागद. वेगवान साधन आणि संथ कागद यांची कामं त्यांनी वाटून दिली. सोसायटीत आपल्याला हेच करायचं आहे.

कसं करायचं ते आता सांगतो. यातलं किती तुम्हाला लागू पडेल ते सोसायटीच्या आकारावर आहे. नौपाड्यातल्या सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीत एक ग्रुप आणि एक वही पुरते. तिथे सेक्रेटरी जिन्यात उभं राहून चौदा जणांशी बोलू शकतात. साठ-सत्तर फ्लॅटच्या पुढे मात्र वाटणी लागतेच.

पहिला ग्रुप फक्त सूचनांचा. त्यात फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. ही सोय २०१८ पासून आहे. त्यात सभासद आणि भाडेकरू दोघेही. दिवसाला दोनपेक्षा जास्त सूचना टाकू नका, नाहीतर लोक हाही म्यूट करतील. ग्रुपसाठी सिमकार्ड सोसायटीच्या नावाचं घ्या, ते ऑफिसमधल्या फोनमध्ये ठेवा. सेक्रेटरींच्या खासगी नंबरावरून ग्रुप चालवला की कमिटी बदलताना नवा ग्रुप काढावा लागतो आणि जुन्यातलं सगळं जुन्या सेक्रेटरींच्या फोनमध्ये राहतं. पदभार देताना दप्तर, शिक्के आणि चेकबुकाची यादी आपण सही घेऊन देतो. त्याच यादीत हे सिम, सोसायटीचा ईमेल, बिलिंग सॉफ्टवेअर, गेटचं ॲप, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) आणि नेट बँकिंग यांचे ताबेही लिहा, आणि पदभार घेतल्याच्या दिवशी सगळे पासवर्ड बदला.

सूचना लिहायची रीत ठरवून घ्या. ठाण्यात पाण्याचं उदाहरण रोजचं आहे. ‘शुक्रवारी २४ तास पाणी बंद, पाणी भरून ठेवा’ एवढाच मेसेज फिरतो. तारीख नाही, वर्ष नाही, कुठल्या भागाला तेही नाही. सहा महिन्यांनी तोच मेसेज कुणीतरी पुन्हा पुढे ढकलतं, १६८ घरांत पिंपं भरली जातात, टाकी दुपारीच रिकामी होते आणि शटडाऊन नसताना पाणी जातं. अफवा स्वतःला खरी करून दाखवते. म्हणून तुमच्या सूचनेत वार, तारीख, वर्ष, कितीपासून कितीपर्यंत, कुठला विंग, माहिती कुठून आली आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा, एवढं असलंच पाहिजे. महापालिकेची सूचना असेल तर मूळ पत्रकाचा फोटो जोडा. काम संपलं की ‘पाणी सुरू झालं’ हेही कळवा; ही दुसरी सूचना बहुतेक जण विसरतात.

तक्रारी ग्रुपवर घ्यायच्याच नाहीत. हे लोकांना सुरुवातीला आवडत नाही, म्हणून कारण सांगा: ग्रुपवरची तक्रार कुणाच्याच नावावर नसते. ‘लिफ्ट पुन्हा बंद’ असं एकानं लिहिलं, त्यावर चाळीस मेसेज आले, सगळ्यांना वाटलं कळवून झालं, आणि लिफ्टच्या कंपनीला फोन कुणीच केला नाही. तक्रारीला नंबर हवा. ऑफिसमधली वही, एक ईमेल किंवा साधा ऑनलाइन फॉर्म, यांपैकी काहीही चालेल, पण तिन्हीकडून आलेली नोंद शेवटी एकाच वहीत चढली पाहिजे: तक्रार क्रमांक, तारीख, फ्लॅट, विषय, कुणाकडे दिली, कधी संपली. पोच एका कामाच्या दिवसात द्या. पोच म्हणजे उत्तर नव्हे. नंबर आणि ‘अमुक तारखेपर्यंत कळवतो’ एवढंच. वरच्या फ्लॅटमधून गळती असेल तर सात दिवसांत प्लंबरसह पाहणी. हिशेबाचा प्रश्न असेल तर कमिटीच्या महिन्याच्या सभेनंतर लेखी उत्तर. महिन्याअखेरीला प्रलंबित तक्रारींची यादी, नाव न घालता फक्त क्रमांक आणि विषय, नोटीस बोर्डावर लावा. ही यादी लागली की रात्री साडेअकराचे मेसेज कमी होतात. माणूस रात्री लिहितो ते बहुतेक वेळा दिवसा कुणी ऐकून घेतलं नाही म्हणून.

जिवाची गोष्ट वेगळी. लिफ्टमध्ये माणूस अडकला, आग लागली, भांडण हातघाईवर आलं, तर ग्रुप उघडायचाही नाही. लिफ्टच्या आत आणि प्रत्येक मजल्यावर कंपनीचा चोवीस तासांचा नंबर आणि वॉचमनच्या केबिनचा इंटरकॉम नंबर रंगवून ठेवा; आगीला १०१, बाकी आणीबाणीला ११२. हे इतकं ठळक सांगण्याचं कारण असं की नवीन साधन आलं की जुनी सोय कुजू द्यायची सवय लागते. गेटचं ॲप आलं म्हणून इंटरकॉमची दुरुस्ती थांबते, आणि मग ज्या आजींकडे स्मार्टफोन नाही त्यांच्याकडे आलेल्या डॉक्टरला गेटवर ताटकळावं लागतं. इंटरकॉमची चाचणी दर महिन्याला घ्या, प्रत्येक विंगमध्ये दोन-दोन घरं.

चर्चेचा ग्रुप वेगळा आणि ऐच्छिक. तिथे गप्पा, वाढदिवस, जुनं फर्निचर, सोसायटीवर टीका, सगळं चालू दे. नियम तीनच: फ्लॅट नंबरासह नाव, रात्री दहा ते सकाळी आठ शांतता, आणि कमिटीचं तिथलं बोलणं अधिकृत नाही हे ग्रुपच्या वर्णनात लिहिलेलं. तिथे कुणी काहीही लिहिलं तर ॲडमिनवर येईल का, अशी भीती तुमच्या प्रश्नात दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, समान उद्देश असेल तर गोष्ट वेगळी. तरी मजकूर दिसताच ॲडमिनच्या अधिकारात तो काढून टाका आणि का काढला ते एका ओळीत लिहा.

थकबाकीदारांची नावं कुठल्याच ग्रुपवर नको. पैसे वसूल करायला लेखी नोटिसा आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला हा रस्ता आहे. ग्रुपवर नाव टाकून पैसे आले तरी त्या घराशी संबंध कायमचे बिघडतात, आणि चुकून एखाद्याची नोंद राहून गेलेली असली तर माफी मागायला तोंड राहत नाही.

त्या पार्सलवाल्याच्या फोटोबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. तुम्ही लिहिलंय की नंतर कळलं, तो मुलगा पार्सल चुकीच्या मजल्यावर ठेवून गेला होता. तोपर्यंत फोटो बाजूच्या दोन सोसायट्यांत गेला होता. हा वेग साधा नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी, परगावची माणसं होती ती. तशा अफवा तेव्हा देशभर फोनवरून फिरत होत्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आपली सोसायटी म्हणजे राईनपाडा नव्हे, हे खरं. पण अनोळखी चेहरा, खाली ‘चोर’ हा शब्द आणि विचारायला कुणी नाही, हा साचा तोच आहे. सोसायटीला गेटवर माणूस थांबवण्याचा अधिकार आहे, त्याला गुन्हेगार ठरवण्याचा नाही. चोरीचा संशय आला तर डीव्हीआरमधली चित्रफीत लगेच वेगळी उतरवून ठेवा, कारण जुनं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तुमच्या डीव्हीआरचे दिवस किती ते आजच बघून घ्या. मग पोलिसांत तक्रार आणि चित्रफीत त्यांच्या हाती. ग्रुपवर फक्त ‘बी विंगमध्ये पार्सल गहाळ झाल्याची तक्रार आली आहे, चौकशी चालू आहे’ एवढंच. आणि त्या मुलाबद्दल खुलासा टाकला नसेल तर आजच टाका, शेजारच्या दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींनाही पाठवा.

घरकाम करणाऱ्या बायकांचंही तेच. गेटच्या ॲपवर त्यांची हजेरी असते, घरोघरचे शेरे असतात, काही ठिकाणी स्टार रेटिंगही दिलेलं असतं. ज्या बाईबद्दल हे लिहिलंय तिला ते दिसत नाही. एका घरी पगारावरून वाद झाला, रात्री ग्रुपवर मेसेज आला, सकाळी वॉचमननं तिला गेटवर अडवलं, आणि तिची बाकीची चार कामंही गेली. सोसायटीत सभासदाला नोटीस आहे, सुनावणी आहे, अपील आहे. तिला काहीच नाही. कमिटीनं एवढा नियम तरी करावा: कुणाचाही प्रवेश बंद करायचा तर लेखी तक्रार, तिचं म्हणणं ऐकणं, आणि कमिटीच्या सभेत नोंद. तोवर तक्रार करणाऱ्या घराची परवानगी थांबेल, बाकी घरांची नाही.

आता निर्णय. मेंटेनन्ससाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून. रविवारी सभा असेल तर नोटीस सोमवारपर्यंत हातात पडली पाहिजे. मी मात्र अशा विषयाला दोन आठवडे देतो. वार्षिक सभा असेल तर १४ पूर्ण दिवस लागतातच: २० सप्टेंबरची सभा, तर नोटीस ५ सप्टेंबरपर्यंत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि शेवटच्या घडीला घेतली तर मध्ये गणपती येतात. निम्मी सोसायटी कोकणात असताना घेतलेल्या सभेला २७ माणसं आली तर तक्रार करू नये. ऑगस्टच्या मध्यात घ्या.

नोटीस सभासदाच्या हातात, सहीच्या वहीसह. बाहेर राहणाऱ्यांना नोंदवलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर. एक प्रत बोर्डावर. ग्रुपवर टाकायची ती आठवण म्हणून, नोटीस बजावली असं त्यावर धरायचं नाही. नोटिशीसोबत एक पान जोडा: गेल्या वर्षी सिक्युरिटी, हाउसकीपिंग, लिफ्ट, वीज, पाणी, टँकर यांवर किती गेले, यंदा दर किती वाढले, ३,५०० मध्ये महिन्याला तूट किती पडते, ४,२०० केल्यावर १६८ घरांतून महिन्याला जादा १,१७,६०० रुपये येतील ते कशावर खर्च होतील. ठरावाचा मसुदाही त्याच पानावर. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या कलमाखाली पैशाचा विषय कधीही घेऊ नका.

ग्रुपचा खरा उपयोग या मधल्या दिवसांत आहे. पहिल्या आठवड्यात प्रश्न मागवा. आठव्या-नवव्या दिवशी खजिनदारांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका पीडीएफमध्ये द्यावीत, आणि तेच पान छापून बोर्डावर लावावं. शनिवार संध्याकाळ की रविवार सकाळ, हे खुशाल पोलवर विचारा. पोल अशाच कामासाठी आहे. भाडेकरूंना मत नसलं तरी कचरा, पार्किंग, पाणी यांवर त्यांच्या सूचना लेखी घ्या आणि सभेत वाचून दाखवा. प्रश्न आधीच सुटलेले असले की तीन तासांची सभा सव्वा तासात होते, आणि सव्वा तासाच्या सभेला माणसं येतात. विषयाला वेळ ठरवून द्या, प्रत्येकाला तीन मिनिटं. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर तहकुबीचं काय करायचं ते नोटिशीतच लिहिलेलं असू दे. इतिवृत्ताचा मसुदा पंधरवड्यात सगळ्यांना पाठवा, हरकती लेखी घ्या.

मध्येच पंप जळाला तर काय, हा प्रश्न कमिटी नक्की विचारेल. तिथे वेग लागतोच. कमिटीच्या सदस्यांच्या ग्रुपवर दोन कोटेशनचे फोटो, रक्कम, आणि कोण कोण सहमत आहे ते नावानिशी लिहून घ्या, काम सुरू करा, आणि पुढच्या कमिटी सभेत कार्योत्तर मंजुरीचा, म्हणजे काम झाल्यावर मान्यता देण्याचा, ठराव इतिवृत्तात चढवा. खर्च कमिटीच्या मर्यादेबाहेर असेल तर तो सर्वसाधारण सभेपुढेही न्या. तारेमागून टपाल म्हणतात ते हेच.

जुन्या संस्थेनं नवं साधन पचवल्याची चांगली उदाहरणंही आहेत. पुनर्विकासाच्या सभांचं चित्रीकरण करण्याचं बंधन शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयात आहे, आणि त्यामुळे ‘मी असं बोललोच नव्हतो’ या वादाला बराच लगाम बसला. साध्या सभेचंही ध्वनिमुद्रण करायला माझी शिफारस आहे. फक्त सभेच्या सुरुवातीला तसं सांगा आणि ते कुणाच्या ताब्यात राहील ते इतिवृत्तात लिहा. आणि वाशी-नेरुळकडच्या वाचकांसाठी: तुमची इमारत सहकारी संस्था नसून अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असेल, तर तुम्हाला १९७० चा अपार्टमेंट कायदा लागू आहे आणि तिथे मतं अविभाज्य हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक मालमत्तेतल्या प्रत्येक घराच्या वाट्याच्या, टक्केवारीनं मोजतात. मोठ्या घराचं मत जड असतं, त्यामुळे फोनगणिक मोजणारा पोल तिथे आणखीच निरर्थक ठरतो.

राहिला स्क्रीनशॉटचा प्रश्न. त्या सभासदांनी तक्रार केली तर ती उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात जाईल. नुसता स्क्रीनशॉट कुणी तरी कापून-जोडून आणला असा आक्षेप येतोच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं; पूर्वीच्या पुरावा कायद्यात हेच कलम ६५-बी होतं. तुमच्या बाजूनं आत्ताच करायचं ते एवढं: त्या पोलचा आणि त्याच्या आगेमागे दोन आठवड्यांचा मजकूर काहीही न पुसता ठेवा, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून सोसायटीच्या ईमेलवर पाठवा, आणि ज्या फोनमध्ये तो ग्रुप आहे तो फोन बदलू किंवा फॉरमॅट करू नका. वादग्रस्त मेसेज घाईघाईनं डिलीट करणं हा सगळ्यांत महागात पडणारा उपाय आहे, कारण पुसल्याची खूण ग्रुपवर उरते आणि समोरच्याकडे प्रत असते. मग त्या सभासदांना लेखी उत्तर द्या: पोल हा केवळ मत अजमावण्यासाठी होता, बिलं जुन्या दरानेच निघतील, विशेष सभा अमुक तारखेला आहे, आपली हरकत लेखी द्या, ती सभेत वाचली जाईल. पत्रावर सोसायटीचा शिक्का, जावक क्रमांक आणि पोच घ्या.